अवर्षण आभाळाचे, टंचाई आपली

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रे रोड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा आम्हांस चार शब्द बोलण्याविषयी विचारले, तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांस उपदेश करावा अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याने हयातभर फळ्यावर गणिते मांडली, त्याने बक्षीससमारंभाच्या दिवशी विद्येच्या महतीवर बोलावे, हे रीतीला धरूनच आहे. परंतु आज आपल्यापुढे एक निराळे गणित मांडावे असे आमच्या मनाने घेतले आहे, आणि ते गणित पाण्याचे आहे. त्यास कारणही तसेच आहे. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत गावाकडील समाजमंदिरासाठी जमविलेल्या निधीचा विनियोग कसा करावा, हा विषय येणार आहे. त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी आपण सर्वांनी घटकाभर पाण्याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.

कोणी म्हणेल की, पाणी हा शेतकऱ्याचा प्रश्न. आपण लोहार, आपला संबंध विस्तवाशी. हे म्हणणे वरवर खरे वाटते. पण ज्यांच्या धंद्यात विळ्याच्या धारेलाही पाणी पाजावे लागते, त्यांनी तरी ते म्हणू नये. आपल्या वाडवडिलांचा संसार कशावर चालत होता, हे आठवून पाहा. नांगराचा फाळ, कुळवाची फास, पाभरीचे फण, मोटेच्या चाकाचा कणा, गाडीच्या चाकाची धाव, खुरपी आणि विळे ही सारी कामे लोहाराने वर्षभर करावयाची, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने घ्यावयाचा. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत आपले नाव होते, हे खरे. परंतु ती ओळ खळ्यावर उभी राहत असे, आणि खळे पावसावर उभे असे.

मृग कोरडा गेला की नांगर कोपऱ्यात पडे. नांगर पडला की फाळाला धार लावण्यास कोणी येत नसे. पुढे चारा संपे, बैल बाजारात जाई, आणि बैल गेला की गाडीला धाव बसविण्याचे कामही जाई. शेतकऱ्याचे एक पीक बुडे; आपले बलुते तर बुडेच, शिवाय पुढील वर्षाचे गिऱ्हाईकही बुडे. शेतकऱ्याच्या नावावर निदान जमीन असे. ती गहाण टाकता येई, आणि सरकारने सारा माफ केला किंवा तगाई दिली तर तिचा लाभ त्यास होई. लोहाराच्या नावावर काय होते? ऐरण, घण, सांडशी आणि भाता. त्यांवर तगाई कोण देणार? अवर्षणाची किंमत आधी चुकती करतो तो बिनजमिनीचा माणूस. त्याची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

आपल्या मंडळातील बहुसंख्य कुटुंबे सातारा जिल्ह्याच्या माण आणि खटाव या तालुक्यांतील आहेत. याच जिल्ह्यात पश्चिमेच्या अंगाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरांवर माणचे दहिवडी आहे. तेथे तो सुमारे पाचशे मिलिमीटरांवर येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर आपले ओझे रिते करतात आणि माणदेशावरून हलके होऊन निघून जातात. ही निसर्गाची रचना आहे. तिच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही.

परंतु शिक्षक म्हणून आम्ही येथे एक सावधगिरीची सूचना देऊ इच्छितो. सरासरी नावाची जी वस्तू आहे, ती परीक्षेच्या निकालपत्रकात जितकी फसवी, त्याहून पावसाच्या कोष्टकात अधिक फसवी असते. समजा, एका वर्षी सातशे मिलिमीटर पाऊस पडला, दुसऱ्या वर्षी तीनशे आणि तिसऱ्या वर्षी पाचशे. सरासरी पाचशे भरली. कागदावर सर्व ठीक झाले. पण तीनशेच्या वर्षी जे जनावर विकले गेले, ते सातशेच्या वर्षी परत येत नाही. आणि त्या वर्षी काढलेल्या कर्जाचे व्याज चांगल्या वर्षाचे पीक खाऊन टाकते. त्यातही वर्षाचा पाऊस चार दिवसांत कोसळला आणि मध्ये सहा आठवडे उघडीप पडली, तर आकडा पुरा भरतो, परंतु बाजरी भरत नाही. गरीब माणसाचा संसार सरासरीवर चालत नाही; त्यातील सर्वांत वाईट वर्षावर तो मोडतो.

आणि अलीकडे ही लहर वाढत चालली आहे. हवामानशास्त्रज्ञ सांगतात की, पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस थोड्या दिवसांत अधिक जोराने पडतो आणि मधले खंड लांबतात. याचा दाखला आपण मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे माणदेशाचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहरात कृष्णेच्या पुरामुळे लोक होड्यांतून बाहेर काढले जात होते, आणि त्याच वेळी पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या भागांत जनावरांच्या चारा छावण्या चालू होत्या. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन ठेपला. त्याची नेहमीची तारीख ११ जून ही होय. ज्या पंचांगावर आपल्या आज्यांनी पेरणीचे दिवस धरले, त्या पंचांगावर आता विसंबता येत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १८७६-७७ सालच्या दुष्काळात इंग्रज सरकारने म्हसवडजवळ माणगंगेवर राजेवाडीच्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून काढले. तो तलाव आजही आहे. त्या काळापासून सरकारची रीत अशी पडली की, पाऊस गेला म्हणजे काम काढावे आणि पाऊस आला म्हणजे ते विसरावे.

१९७२ चा दुष्काळ आम्ही स्वतः पाहिला. आमचे वय त्या वेळी अकरा वर्षांचे होते. गावात भाता थंड झाला होता. वडील मुंबईस निघून आले आणि दारूखान्यात लोखंड तोडण्याच्या कामास लागले. आई आम्हांस घेऊन पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव ज्यांच्या जिभेवर अद्याप आहे, असे अनेक जण या सभेत बसले असतील. आमचे चुलते गावातच राहिले. त्या वर्षी त्यांनी नांगराचा एकही फाळ घडविला नाही. दुष्काळी कामावरच्या टिकावांना आणि पहारींना टोके काढून त्यांनी दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात सबंध राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. देशाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर माणसे जगविण्याचे काम क्वचितच झाले असेल, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना दृढ झाली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेचा पैसा कोठून आला, हे आपल्या तरुणांस बहुधा ठाऊक नसते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. नोकरदाराच्या पगारपत्रकात तो आजही दिसतो. वर्षाला तो २५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, कचेरीत आणि शाळेत काम करणाऱ्यांच्या पगारातून हा पैसा कापला जाई आणि गावाकडे खडी फोडणाऱ्या माउलीची मजुरी त्यातून भागे. म्हणजे शहराने गावाच्या दुष्काळाचा वाटा उचलावा, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्याने मान्य केले होते. पुढे २००५ साली देशाने जेव्हा असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

परंतु मित्रहो, येथवर गोष्ट मजुरीची झाली. पाण्याची गोष्ट निराळी आहे आणि ती अधिक दुःखाची आहे. १९७२ साली धान्य नव्हते, काम नव्हते. पण पुष्कळ गावांतील आडांत पिण्यापुरते पाणी होते. २०१२-१३ साली दुकानात धान्य होते. पाणी मात्र नव्हते. या चाळीस वर्षांत आभाळ एवढे बदलले नव्हते, जेवढे आपण बदललो होतो.

माणदेशाच्या मातीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या थरात मुरूम असतो आणि खाली फटी असतात. तेवढ्याच जागेत पाणी राहते. आपल्या जुन्या विहिरी याच वरच्या थरातून भरत. मोट बैलाच्या चालीने चाले. बैल दमला की मोट थांबे आणि तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. पुढे इंजिने आली, नंतर वीज आली, आणि त्यानंतर शेकडो फूट खोल जाणारी विंधन यंत्रे आली. वीज दमत नाही. खोल बोअरने नवे पाणी निर्माण केले असे लोकांस वाटले. वस्तुतः तिने शेजाऱ्याच्या फटीतील पाणी आपल्याकडे ओढले, आणि पूर्वजांनी राखून ठेवलेली शिल्लक एका पिढीत उपसली.

हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी सांगत नाही. यात आमचाही हात आहे, आणि तो येथे कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. पगारातून बाजूला टाकून आम्ही गावी दोन एकर माळ घेतला होता. २०११ साली पतपेढीचे कर्ज काढून त्यात आम्ही बोअर पाडली. पहिल्या वर्षी पाणी उसळले. गावात पेढे वाटले. मुंबईचा मास्तर बागाईतदार झाला म्हणून लोकांनी कौतुक केले. दुसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली. बांधापलीकडे एका विधवा बाईची जुनी विहीर होती. आमच्या आज्याच्या काळी याच विहिरीचे पाणी आपल्या भात्याशेजारच्या दोणीत पडे आणि तापलेले लोखंड त्यात विझे. ती विहीर त्या वर्षी माघातच आटली. पुढे आमची बोअरही कोरडी पडली. त्या बाई आपली दोन जनावरे घेऊन छावणीवर गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बोरानं माझी हीर पिली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. कर्ज आम्ही सात वर्षे फेडले. त्या वाक्याचे देणे अद्याप फिटलेले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, अवर्षण आभाळाचे असते, परंतु टंचाई माणसांची असते. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कोठे थांबावे, कोणी किती उपसावे आणि कमी पडले तर कोणी आधी थांबावे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. आणि याचा हिशेब कोठेच ठेवला जात नाही.

राज्याच्या पातळीवरही हेच चित्र आहे. भारतातील मोठी धरणे सर्वांत अधिक महाराष्ट्रात आहेत. असे असून लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे पाचवा हिस्साच ओलिताखाली येतो. उसाखाली राज्यातील सुमारे चार टक्के जमीन असते आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी तो एकटा पितो. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या पिकाचा भाव बांधलेला आहे आणि ज्याचा घेणारा ठरलेला आहे, ते पीक तो का लावणार नाही? परंतु त्याच खोऱ्यात बाजरीला एक पाळी मिळत नाही, यास नियोजन म्हणता येत नाही. साताऱ्यातील कोयना धरणात १०५ टी. एम. सी. पाणी साठते. त्यातील मोठा भाग वीज निर्माण करून पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीत आणि तेथून समुद्रास जाऊन मिळतो. त्या विजेने राज्याचे कारखाने चालले, आणि आपणांस रोजगार मिळाला, हे विसरता येणार नाही. पण एकाच जिल्ह्यात एका टोकाचे पाणी समुद्राला जाते आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहावी लागते, हेही नजरेआड करता येणार नाही. उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचे पाणी आता आपल्या दोन तालुक्यांच्या काही भागांत आले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चढावर उचललेले पाणी विजेच्या बिलावर येते. ते कोणी कसे वाटून घ्यावयाचे, हे ठरले नाही तर ते पाणीही पहिल्या चार शेतांतच संपेल.

नियोजन चुकले म्हणजे त्याची किंमत किती होते, याचे एक उदाहरण सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी जवळजवळ ३४० किलोमीटर वाहून नेले. आता आमचे गणित पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने माणसारख्या कोरड्या तालुक्यातसुद्धा पाचशे मिलिमीटर पावसाच्या वर्षी एक हेक्टर जमिनीवर ५० लाख लिटर पाणी पडते. म्हणजे त्या गाडीने आणलेले पाणी अवघ्या दहा गुंठ्यांवर पडणाऱ्या एका वर्षाच्या पावसाएवढे होते! त्यातील सगळे अडविता येत नाही हे खरे. काही जमीन पिते, काही ऊन पिते. तरीही दहा गुंठ्यांचा पाऊस आगगाडीतून आणण्याची पाळी यावी, हा आभाळाचा दोष नव्हे.

आणि आपण मुंबईकर या हिशेबातून सुटलो आहोत, असे कोणी समजू नये. या शहरालाही एके काळी पाण्याची टंचाई भासली, म्हणूनच १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा हे तलाव झाले. शेवटचे मध्य वैतरणा धरण २०१४ साली झाले. आज सात तलावांतून दररोज ३८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मुंबईस येते. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. आपल्या नळाचे पाणी ज्यांच्या दारावरून येते, त्यांच्या हंड्यांची रांग आपणांस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

दूर कशास? आपल्या रे रोडचेच पाहा. भंडारवाड्याच्या टेकडीवरील जलाशय येथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यावर बाग आहे आणि आपली मुले तेथे खेळावयास जातात. त्याच जलाशयाच्या पायथ्याशी, दारूखान्याच्या अंगाला, कौला बंदरच्या वस्तीतील माणसे वर्षानुवर्षे रबरी नळ्यांनी लांबून ओढून आणलेले पाणी विकत घेत आली. वस्ती बंदराच्या जमिनीवर, म्हणून नळ नाही; नळ नाही, म्हणून महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे. जो सर्वांत कमी मिळवितो, तो सर्वांत महाग पाणी पितो. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी बेकायदेशीर असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्या गल्ल्यांत आपलीही काही घरे आहेत. म्हणजे ज्या कारणाने आपण गाव सोडला, तेच कारण गाडीत बसून आपल्यामागे रे रोडपर्यंत आले: पाणी जवळ असते, पण त्यात आपला वाटा नसतो.

मग उपाय काय? उपाय नवे शोधावयास नकोत. ते महाराष्ट्रातच करून दाखविलेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आमच्या मते सोन्याच्या अक्षरांनी लिहावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर. उसासारखी फार पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनीच उचलावयाचा. आणि ज्यास जमीन नाही, त्यासही पाण्यात वाटा. बंधुभगिनींनो, हे शेवटचे कलम आपल्यासाठी किती मोठे आहे! पिढ्यान्‌पिढ्या जो खळ्यावर हात पसरून उभा राहिला, त्यास येथे प्रथमच हक्कदार म्हणून मोजले गेले.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दुसरा धडा घालून दिला. पाणलोटाची कामे अनेक गावांनी केली. हिवरे बाजारने त्याबरोबर स्वतःवर बंधनेही घातली. शेतीसाठी बोअर पाडावयाची नाही. ऊस आणि केळी लावावयाची नाहीत. दर वर्षी पाऊस मोजावयाचा आणि शिल्लक पाहून ग्रामसभेने पिके ठरवावयाची. आपल्या जिल्ह्यातही उदाहरणे आहेत. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी ही गावे राज्यात पहिली आली. खोदण्यासाठी हात लागतात, आणि ते आपल्यापाशी आहेत. खोदल्यानंतर उपसा आवरण्यासाठी निग्रह लागतो. ज्या गावात तो नसेल, त्या गावाचे पाणी दोन वर्षांत पुन्हा खाली जाते.

आता दुपारच्या ठरावाकडे येतो. समाजमंदिर व्हावे, याविषयी आमचा विरोध नाही. लग्नकार्यास जागा हवी, मुलांस अभ्यासास खोली हवी. परंतु नियोजित आराखड्यात दर्शनी कमान आहे, घुमट आहे, आणि पाण्यासाठी पुन्हा एक बोअर आहे. त्या बोअरच्या विरुद्ध आम्ही आज उभे आहोत. दोनशे चौरस मीटरांचे छत असेल, तर पाचशे मिलिमीटर पावसात त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. वाया जाणारे वजा केले तरी ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे आठ टँकर, फुकट आपल्या दारी येतात. कमानीचा खर्च वाचवून त्यात पक्की टाकी बांधावी. ज्या घराच्या अंगणात गावाला दुष्काळात पाणी मिळेल, त्या घराला कमानीवाचूनही लोक ओळखतील.

दुसरी विनंती अशी की, निधीचा चौथा हिस्सा जुने तलाव आणि सार्वजनिक आड यांतील गाळ काढण्यासाठी राखून ठेवावा. मात्र तो ज्या गावाच्या ग्रामसभेने नव्या खोल बोअरवर बंदी आणि पाण्याच्या वाटपात बिनजमिनीच्या कुटुंबांचा हिस्सा, असे दोन ठराव केले असतील, त्याच गावास द्यावा. आपला पैसा थोडा आहे, पण अटीने दिलेला थोडा पैसाही वजन घेऊन जातो.

तिसरी विनंती पैशाची नाही. १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. त्या सुमारास आपण यात्रेनिमित्त आणि मुलांच्या सुट्टीनिमित्त गावीच असतो. ज्यांची नावे तेथील मतदारयादीत आहेत, त्यांनी त्या दिवशी पारावर बसून राहू नये, सभेत जावे आणि एकच प्रश्न विचारावा, "गावात यंदा पाणी किती आले, आणि ते कोणी किती घेतले?" पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी वहीत काहीतरी लिहून आणतील. वही सुरू झाली, म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे.

शेवटी आमच्या स्वतःच्या बोअरविषयी. ती आम्ही गेल्या वर्षी बंद केली असून, माळावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून तीत सोडले आहे. त्या बाई आता हयात नाहीत; त्यांचा मुलगा घाटकोपरला असतो. या पावसाळ्यानंतर पौषात आम्ही गावी गेलो असता त्यांच्या विहिरीत डोकावून पाहिले. तळाशी पुरुषभर पाणी होते. ते आमच्या खड्ड्यामुळे आले की चांगल्या पावसामुळे, हे एका वर्षावरून आम्ही सांगू शकत नाही, आणि खोटे सांगणार नाही. परंतु त्या विहिरीच्या काठावर आम्हांस पूर्वीसारखी मान खाली घालावी लागली नाही.

आपल्या पूर्वजांनी लोखंड वाया जाऊ दिले नाही. मोडका फाळ तापवून त्याचे खुरपे केले. तोच काटकसरीचा हात आता पाण्यास लागला पाहिजे. सभेने आमच्या सूचनांचा विचार करावा, आणि पटतील तेवढ्या स्वीकाराव्या, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.